नळीवाली

यास्ना नाहुएलकिन आमच्या तराफ्यावर आली तेव्हा ती आठवडाभरही टिकायची नाही, अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती. बाई म्हणून नव्हे. ऑर्फा मावशी सहा वर्षं आमच्यात राहून आमचा स्वयंपाक करत होती, आणि तिच्यापुढे आमच्यातला एकही जण मान वर करत नसे. पण यास्ना आली होती नळी धरायला.

आम्ही पाणबुडे. केयोन बंदरापासून बोटीने चार तासांवर खाडीत सॅमन माशांचे पिंजरे तरंगतात, आणि त्यांना लागूनच आमचा राहायचा तराफा. चौदा दिवस तिथेच राहायचं, सात दिवस घरी. पिंजऱ्याच्या तळाशी मेलेले मासे साचतात, ते उपसायचे. मासे खायला येणाऱ्या समुद्रसिंहांनी जाळं फाडलं की खाली जाऊन शिवायचं. तोंडात हवेची नळी, वर नावेत पंप धडधडत असतो, आणि नळीचं दुसरं टोक एका माणसाच्या हातात. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे वर घे, तीन म्हणजे जीव धोक्यात आहे. कोण किती खोल गेला, किती मिनिटं राहिला, वर येताना कुठे किती थांबायचं, हे सगळं तो वहीत लिहितो. पाण्याच्या दाबाने रक्तात हवा मुरते. ती हळूहळू बाहेर पडू दिली नाही, किंवा एकाच दिवशी फार वेळा खाली गेलं, तर तिचे बुडबुडे होऊन कण्यात अडकतात. मग माणूस एक तर मरतो नाही तर माझ्यासारखा होतो.

यास्ना टिकली. अठ्ठावीस वर्षांची, बुटकी, रुंद खांद्यांची. सात वर्षांची मुलगी आईकडे ठेवून आलेली. आधी ती कारखान्यात मासे साफ करायची. तिथल्या गारठ्यात बोटं वाकडी व्हायला लागली म्हणून दोन वर्षं खटपट करून तिने नळीचा परवाना मिळवला होता. तिची वही आमच्या आधीच्या नळीवाल्याच्या वहीसारखी नव्हती. तो संध्याकाळी बसून एकदमच सगळे आकडे ठोकून द्यायचा. ती नावेत, पावसात, तिथल्या तिथे लिहायची. मिनिट इकडचं तिकडे करत नसे.

एर्विन ओयार्सो आमच्यातला सगळ्यात चांगला पाणबुड्या. एकतीसचा, कालबुकोचा, अविवाहित, कमी बोलणारा. त्या दोघांचं कधी सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. मला कळलं ते असं, की एक दिवस तो खाली असताना यास्नाच्या हातातली नळी हलली आणि ती स्वतःशीच हसली.

“काय गं, काय म्हणतोय?” मी विचारलं.

“काही नाही. ठीक आहे म्हणतोय.”

“ठीक आहे याला कुठला हिसका असतो? आम्हाला नाही शिकवला कधी.”

ती लाल झाली. “लोलो, तू तुझं जाळं बघ,” म्हणाली.

मग आम्हा सगळ्यांनाच कळलं. सात माणसं, एक चूल, एक टेबल; तिथे काय लपणार? ऑर्फा मावशी भांडी घासायची पाळी दोघांना एकत्र द्यायला लागली. “माझे हात दुखतात,” म्हणायची, आणि चुलीशी बसून मातेचा कडू चहा प्यायची, पाठ त्यांच्याकडे करून. जेवताना आम्ही चिडवायचो. “एर्विन, कांदा दे रे. का तोही एकीलाच?” तो मुकाट्याने कांदा पुढे सरकवायचा. यास्ना मात्र सोडायची नाही. “तुझ्या बायकोने तुला चौदा दिवसांसाठी इथे का पाठवलं ते कळतंय मला,” असं म्हणाली की टेबल हसायचं, मीसुद्धा.

पण तराफ्याबाहेर आमच्यातला कोणी अवाक्षर बोलला नाही. कंपनीचा नियम होता: एकाच तराफ्यावर जोडपं नको. असलं तर कार्यालयात कळवायचं, मग दोघांपैकी एकाला हलवतात. एकाला म्हणजे कुणाला, हे सांगायला नको. पाणबुडे मिळत नाहीत, नळीवाले मिळतात. यास्ना परत त्या गारठ्यात गेली असती. एर्विन एकदा मला म्हणाला, “मी जातो दुसरीकडे, असं तिला म्हटलं, तर म्हणते, तिथे तुझी नळी कोण धरणार?” त्यात प्रेम होतं आणि भीतीही. आधीच्या नळीवाल्याची वही तिने पाहिली होती.

अकरा महिने असे गेले. सुट्टीच्या सात दिवसांत एर्विन तिच्या आईच्या घरी जायचा. त्याने तिथलं छप्पर बदललं. तिच्या मुलीला, मिलाराय तिचं नाव, पोहायला शिकवत होता. आमच्याकडे मुलांना पोहायला कोणी शिकवत नाही. पाणी इतकं थंड की बुडायला वेळ लागत नाही, मग शिकून काय करायचं. पण तो शिकवत होता.

आता माझं सांगतो.

त्या ऑगस्टमध्ये आमची पाळी सुरू व्हायच्या दिवशी सकाळी माझे सासरे घरी आले. त्यांच्या नावेवरचा पाणबुड्या आला नव्हता, आणि समुद्री काटेगोळ्यांचा, त्या काटेरी कवचाच्या खायच्या जिवांचा, हंगाम संपत आला होता. “दोन तास ये,” म्हणाले. मी गेलो. पंचवीस मीटर खाली, दोन तासांहून थोडा जास्तच. पाळीच्या दिवशी बाहेर पाण्यात उतरायचं नाही, हा तर कंपनीचा सगळ्यात कडक नियम. सापडलं की त्याच दिवशी घरी. पण करायचे सगळेच. तिथून तसाच बोट पकडून मी दुपारी उशिरा तराफ्यावर पोचलो. त्या बोटीने मी एकटाच आलो होतो. बाकीचे आदल्या संध्याकाळी आले होते.

तिथे गोंधळ चालला होता. समुद्रसिंहांनी सातव्या पिंजऱ्याचं जाळं तळाशी फाडलं होतं, आणि मासे बाहेर पळत होते. एर्विन सकाळपासून दोनदा खाली जाऊन आला होता, भोक अर्धं शिवून झालं होतं. दुसरे दोघे पाणबुडेही दोन-दोनदा जाऊन आले होते. आमचे प्रमुख बारियेन्तोस साहेब नावेच्या काठावर उभे होते. वाईट माणूस नव्हे. पण वरून दर दहा मिनिटांनी रेडिओवर विचारणा होत होती, आणि तो आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

“एर्विनला पाठव,” साहेब म्हणाले.

“त्याचं आजचं झालं,” यास्ना म्हणाली. वही तिने उघडून दाखवली. “आता उद्या सकाळी.”

“वीस मिनिटांचं काम आहे.”

“चौतीस मीटरवर वीस मिनिटं, साहेब. तिसऱ्यांदा. नाही.”

एर्विन ओल्या सूटमध्येच बसला होता. “मी जातो, यास्ना,” तो म्हणाला.

“तू गप्प बस.”

ती जशी बोलली, त्यात सगळं आलं. तसं बायको बोलते. बारियेन्तोस साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. त्यांनाही माहीत होतंच. पण इतके दिवस त्यांनी न बघितल्यासारखं केलं होतं.

“वेळ कुणाची संपली?” ते म्हणाले. “पाणबुड्याची, का तुझ्या माणसाची?”

कोणी हसलं नाही. यास्नाच्या मानेवर लाल चट्टे उठले. मग साहेब माझ्याकडे वळले. “लोलो आत्ताच आलाय. ताजा आहे. त्याची मिनिटं मोजायला कुणी बसलेलं नाही इथे.”

त्या एका वाक्याने मला काय झालं कोण जाणे. मी सूट चढवायला लागलो. यास्ना वही घेऊन समोर आली.

“आज पाण्यात उतरला होतास?”

“नाही.”

“लोलो. सकाळी घरी, कुठेही. उतरला होतास?”

“नाही म्हटलं ना.”

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग वहीत लिहिलं.

खोटं का बोललो? नोकरी जाईल ही भीती होती, ती होतीच. शिवाय सगळ्यांसमोर मागे सरायची लाज. आणि खरं सांगायचं तर एर्विनचा हेवाही वाटला. त्याच्यासाठी कुणीतरी साहेबाशी भांडत होतं. माझ्या मनात आलं, माझं काय, मी गेलोच तर चार दिवस रडतील. हे चूक होतं. ती माझीही मिनिटं तितकीच काटेकोर मोजायची. त्या दिवशीही मोजली. वर येताना तिने मला तीनदा थांबवलं, वहीतल्या तक्त्याप्रमाणे, सेकंद कमी नाही. पण तिच्या तक्त्यात माझी सकाळ नव्हती.

जाळं शिवून झालं. वर आलो तेव्हा साहेबांनी पाठीवर थाप मारली. मी आत जाऊन बसलो, ऑर्फा मावशीने बटाट्याचे मिल्काओ तळले होते, त्यातला एक खाल्ला. दुसरा घ्यायला उठलो तर पाय उठले नाहीत. आधी वाटलं, मुंग्या आल्यात. मग कमरेभोवती कुणीतरी दोर आवळल्यासारखं झालं. मला ऑर्फा मावशीची किंकाळी आठवते. यास्ना धावत आली, तिने मला आडवं केलं, नाकावर प्राणवायूचा मुखवटा धरला, आणि बोट किनाऱ्याला लागेपर्यंत चार तास तो हात काढला नाही. वाटेत वारा फिरला होता, बोट उडत होती. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती, माझ्या नाडीचे ठोके.

दवाखान्यात मला सहा दिवस दाबाच्या कोठडीत ठेवलं, रक्तातले बुडबुडे विरावेत म्हणून. कमरेखालचं काही परत आलं नाही.

मग माणसं यायला लागली. कंपनीच्या सुरक्षा विभागाची एक बाई आली, तिच्याबरोबर वकील. मग सरकारी निरीक्षक आला, पोरसवदा, नाकावरून चष्मा घसरणारा. माझ्या पलंगाशी बसून त्याने विचारलं, “त्या दिवशी तराफ्यावर पोचण्याआधी आपण कुठे पाण्यात उतरला होता का?”

मिर्ता, माझी बायको, पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होती. तिच्याच बापाच्या नावेवर मी गेलो होतो. तिने चादरीखाली माझा हात धरला. मला माहीत होतं ती काय म्हणतेय. खरं बोललो असतो तर अपघात माझ्याच चुकीने झाला असं ठरलं असतं, आणि मला पेन्शन मिळाली नसती. दोन मुलं होती.

“नाही,” मी म्हणालो. तिसऱ्यांदा.

म्हणजे मी ताजा होतो, तक्ता पाळला होता, तरी माझे पाय गेले. मग चूक कुणाची? कंपनीला हवं ते मिळालं. बारियेन्तोस साहेब जे रागात बोलले होते ते आता कागदावर आलं: नळीवालीने पाणबुड्याशी असलेले प्रेमसंबंध लपवले, त्याला जोखमीच्या कामातून वाचवण्यासाठी वेळांच्या नोंदी आपल्या सोयीने केल्या, आणि म्हणून तिच्या वहीवर विश्वास ठेवता येत नाही. वहीच खोटी ठरली की माझ्या वेळाही खोट्या. चौतीस मीटरवर माणूस पाठवायला कुणी सांगितलं, रेडिओवर कोण बोलत होतं, हे कुणी विचारलंच नाही.

त्यासाठी त्यांना एर्विनची सही हवी होती.

हे मला एर्विननेच सांगितलं, पुष्कळ नंतर. त्याला कार्यालयात बोलावून कॉफी दिली. कागदात खोटं असं एकही वाक्य नव्हतं. संबंध होता का? होता. लपवला होता का? हो. तिने कधी त्याला खाली जाण्यापासून अडवलं होतं का? अडवलं होतं, वेळ संपल्यावर. पण ‘वेळ संपल्यावर’ हे शब्द कागदात नव्हते. सही केली तर त्याच्यावर कारवाई नाही, दक्षिणेला आय्सेनमध्ये बदली. नाही केली तर दोघांचेही परवाने रद्द. “मला वाटलं, एकाचा तरी राहू दे,” तो म्हणाला. “मी कमवेन, ती घरी राहील. असं मला खरंच वाटलं, लोलो.”

यास्नाचा परवाना गेला, नोकरी गेली. गावात काय बोललं जायचं ते मी अंथरुणावर पडून ऐकत होतो, कारण लोक ते मला बरं वाटावं म्हणून येऊन सांगायचे. “स्वतःचा यार वाचवला आणि दुसऱ्याचे पाय घालवले.” माझी सासू तर चर्चच्या पायरीवर तिच्यासमोर थुंकली. त्याच सासूच्या चुलीवर त्या सकाळचे काटेगोळे शिजले होते. मिर्ताने हे ऐकलं, आणि त्या दिवशी तिने मला आंघोळ घातली ती माझ्याकडे न बघता.

सही केल्यावर एर्विन यास्नाच्या घरी गेला होता. तिने दार उघडलं नाही. त्याने दोन तास पावसात उभं राहून हाका मारल्या. शेवटी मिलाराय खिडकीत आली, आणि त्याचा लोकरी स्वेटर तिने बाहेर ढकलला. “आई म्हणते, छप्पर काढून नेता आलं असतं तर तेही दिलं असतं,” ती म्हणाली. हे तो सांगत होता तेव्हा हसायचा प्रयत्न करत होता.

हे सगळं त्याने सांगितलं ते दोन वर्षांनी. आय्सेनहून सुट्टीवर आला होता, माझ्या चाकांच्या खुर्चीसाठी त्याने दारात लाकडी उतार करून दिला, दिवसभर खपून. संध्याकाळी मिर्ताने रस्सा वाढला. जेवून झाल्यावर तो बोलायला लागला आणि थांबेचना. “मी खोटं काही लिहिलं नाही,” हे त्याने चारदा म्हटलं असेल. चौथ्यांदा मला सहन झालं नाही.

“मी सकाळी उतरलो होतो,” मी म्हणालो. “सासऱ्यांच्या नावेवर. पंचवीस मीटर, दोन तास.”

मिर्ता स्वयंपाकघरात होती; भांड्यांचा आवाज थांबला.

मला वाटलं तो मारेल. मारायला हवं होतं. त्याने टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा केले आणि पुन्हा पसरले.

“तिची चूक नव्हती हे मला सही करतानाच माहीत होतं,” तो म्हणाला. “तुझं ऐकायची गरज नव्हती मला.” मग उठला, आणि दारात म्हणाला, “पण तिला गरज असेल. तिला सांग.”

तिला सांगायला मला आणखी पाच महिने लागले. यास्ना तेव्हा किनाऱ्यावर समुद्री शेवाळ वाळवायचं काम करत होती. माझ्या मेव्हण्याने मला गाडीतून नेऊन खुर्चीत बसवलं आणि तो दूर जाऊन सिगारेट ओढत उभा राहिला. शेवाळ लालसर काळं, लांबवर पसरलेलं, त्याचा उग्र वास. यास्ना लाकडी दंताळ्याने ते उलटवत होती. बोटं पुन्हा वाकडी झाली होती. मला बघून तिने काम थांबवलं नाही.

मी सांगितलं. पाठ करून गेलो होतो तसं नाही, मागेपुढे करत.

ती ओळ संपेपर्यंत उलटवत गेली, मग परत आली.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय माहीत होतं?”

“मी दोनदा का विचारलं, असं वाटतं तुला? तू फार पटकन उत्तर दिलंस. तुझ्या नखांत काटेगोळ्यांचा जांभळा रंग होता.” तिने दंताळं वाळूत रोवलं. “वही बंद करून म्हणायचं होतं, हाही नाही जाणार. पण साहेब आत्ताच ते बोलून गेले होते. सगळे माझ्याकडे बघत होते. तुलाही थांबवलं असतं तर म्हणाले असते, माणसासाठी अख्खं काम अडवते. मला दाखवायचं होतं की मी कुणाची बायको नाही, नळीवाली आहे. म्हणून पाठवलं तुला.”

मी माझ्या नखांकडे बघितलं.

“त्या निरीक्षकाला मी हे सांगितलं नाही,” ती म्हणाली. “एर्विनलाही नाही. तो सही करून आला तेव्हा मला वाटलं, बरं झालं, आता दोष त्याचा, मला कुणाला काही सांगायला नको.”

“मी लिहून देतो,” मी म्हणालो. “निरीक्षकाला. सगळं खरं.”

“दे.” तिने माझ्या पायांकडे सरळ पाहिलं. “पेन्शन जाईल म्हणून मी नको म्हणेन असं वाटत असेल तर चुकतोयस. मलाही मुलगी आहे. दे लिहून.”

मी लिहिलं. पहिलं पत्र मिर्ताने चुलीत घातलं. दुसरं मी मेव्हण्याच्या हाती दिलं. मिर्ता तो सगळा हिवाळा माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि आजही काही दिवस तशी बोलते. चार महिन्यांनी उत्तर आलं: प्रकरण बंद झालं आहे, मुदत उलटली आहे, नव्याने नोंद घेता येत नाही. माझी पेन्शन चालू राहिली. यास्नाचा परवाना परत मिळाला नाही. ते पत्र मी ऑर्फा मावशीबरोबर तिला पाठवलं. मावशी म्हणाली, तिने ते वाचलं, घडी घातली आणि विचारलं, “लोलोला अजून रात्री पाठीत कळा येतात का?”

पुढच्या मार्चमध्ये ती मिलारायला घेऊन दूर दक्षिणेच्या टोकाला, पुंता अरेनासला गेली. तिथे एका शाळेत स्वयंपाकाला लागली आहे. जाण्याआधी ऑर्फा मावशीकडे पत्ता ठेवून गेली, आणि सांगून गेली की तो कुणाला द्यायचा नाही. मावशीने मला दिला. एर्विनचा दर महिन्याला फोन येतो. इकडच्या तिकडच्या गप्पा मारतो, आय्सेनच्या वाऱ्याचं सांगतो, आणि ठेवायच्या आधी विचारतो, “तिचं काही कळलं का रे?”

“नाही,” मी म्हणतो.

“बरं,” तो म्हणतो. मग दोघेही थोडा वेळ फोन तसाच धरून बसतो, आणि कधी तो आधी ठेवतो, कधी मी.